पाहुणे आल्यावर काय बाहेर निघायचं?

(कोथरूडमधल्या एका वाचनालयाच्या कार्यक्रमात दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? नसेल येत तर पुढे या, पहिल्या दोन रांगा रिकाम्याच आहेत. आपल्याकडे पहिल्या रांगेत बसलं की वर्गणी मागतात असा का समज आहे मला माहीत नाही. तर बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय 'मैत्री : एक चिंतन'. मी चिंतन करणार नाहीये. मी इथल्या आयोजकांना फोनवर सांगितलं होतं की मला मित्रमैत्रिणींना गमतीचे प्रश्न विचारण्याबद्दल बोलायचंय, कुठले चालतात, कुठले फसतात आणि का. हे म्हणाले, ताई, एवढंच? म्हटलं हो, एवढंच. मग त्यांनी चिंतन केलं आणि फळा लिहिला. त्यांचाही दोष नाही म्हणा, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून या गावाला विषय जरा वजनदार लागतो.

माझं म्हणणं साधं आहे. नव्या माणसाला आपण भरपूर विचारतो. गाव कुठलं, शाळा कुठली, आपटे म्हणजे कुठले आपटे, रमणबागेजवळचे का? पहिल्या दहा मिनिटांत त्याची कुंडली तयार. आणि एकदा तो मित्र झाला की संपलं, पुढे आयुष्यभर "काय म्हणतोस?" "निवांत." "घरी?" "मजेत." माझ्या मैत्रिणींची शुगर मला माहितीये, कुणाचा कुठला गुडघा जातोय, कुणाचा मुलगा कुठल्या टाइमझोनमध्ये आहे, कुणाची सोसायटी रिडेव्हलपमेंटला अडकलीये, सगळं पाठ. पण त्यातली एखादी एकटी असताना काय गुणगुणते विचाराल तर नाही सांगता येणार. त्यामुळे हे जे गमतीचे प्रश्न म्हणतात ना, ते अनोळखी लोकांपेक्षा जुन्या मित्रांसाठी जास्त लागतात असं माझं मत आहे, आणि ते मी आज तुमच्या गळी उतरवणार आहे.

पण त्याआधी आइसब्रेकर. कारण प्रश्न-खेळ म्हटलं की नोकरी केलेल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, मला इथून चेहरे दिसतायत. मी ज्या कंपनीत होते तिथे आम्हाला टीम बिल्डिंगसाठी मुळशीच्या बाजूला एका रिसॉर्टवर नेलं. सकाळी सातची बस, म्हणजे रविवार गेलाच. पोचल्यावर गार उपमा, आणि गालावर माइक चिकटवलेला एक ट्रेनर. त्याने सगळ्यांना गोल उभं केलं आणि एक स्पंजचा बॉल काढला. ज्याच्या हातात बॉल येईल त्याने सांगायचं, तुम्ही भाजी असता तर कुठली भाजी असता.

आता आमचे अकाउंट्सचे साहेब, रिटायरमेंटला आलेले, आयुष्यात कधी पेटी कॅशमध्ये रुपया इकडचा तिकडे होऊ दिला नाही असा माणूस. बॉल त्यांच्याकडे. ते म्हणाले, "मी भाजी नाही." ट्रेनर म्हणतो, "सर, इमॅजिन करा!" साहेबांनी डोळे मिटले, खरंच मिटले, आणि म्हणाले, "केलं. नाहीये." (हशा) पुढचा मुलगा बिचारा नवीन होता, घाबरून दुधी म्हणाला. सोमवारी एचआरने सगळ्यांची उत्तरं रंगीत चार्टवर लिहून कॅन्टीनमध्ये लावली आणि तो मुलगा नोकरी सोडेपर्यंत दुधी राहिला. निरोपाच्या केकवर पण दुधीच लिहिलं होतं, मी केक कापताना शेजारी उभी होते.

मला राग कशाचा आला सांगते. मी त्या ट्रेनरला विचारलं, तुम्ही कुठली भाजी? तर तो हसून म्हणाला, "मॅम, मी फॅसिलिटेटर आहे." म्हणजे आम्ही तीस जण भेंडी-तोंडली आणि हा नुसता बघणार! हे लक्षात ठेवा, मी पुन्हा यावर येणारे.

बरं, हे खेळ काही आत्ताचे नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात कबुलीजबाबाच्या वह्या निघाल्या होत्या, घरी आलेल्यांनी त्यात आवडता रंग, आवडतं फूल, सुखाची कल्पना असं भरायचं. म्हणजे आपली स्लॅमबुकच. फ्रान्समध्ये मार्सेल प्रुस्त, पुढे एवढा मोठा कादंबरीकार झाला, त्याने पोरवयात अंत्वानेत फोर नावाच्या मैत्रिणीच्या अशा वहीत उत्तरं लिहिली. हिचे वडील नंतर फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले. ती उत्तरं २००३ मध्ये लिलावात एक लाखाच्या वर युरोला गेली. तुमच्या माळ्यावर स्लॅमबुक असेल तर रद्दीत देऊ नका, शेजारची पिंकी पुढे कोण होईल सांगता येत नाही.

आणि कार्ल मार्क्सने पण भरलीये, १८६५ मध्ये, मुलींच्या हट्टाखातर. आवडता रंग, लाल. (हशा) आता हे विचारायची गरज होती का? पण आवडता पदार्थ मासे, आणि आवडता उद्योग पुस्तकं चाळत बसणं, हे वाचलं की दाढीमागचा माणूस जरा दिसतो. त्याहून भारी त्याचा मित्र आणि सहकारी एंगल्स. त्याला मार्क्सच्या मुलीने विचारलं, सुख म्हणजे काय. तर उत्तर काय, शातो मार्गो १८४८. ही फ्रेंच वाइन आहे, आणि १८४८ हे क्रांतीचंही साल. एका ओळीत पार्टीपण आणि पार्टीपण! असो, इथे पुढचं बोलले तर वाद होतील.

या वह्यांची गडबड काय होती? तीच जी स्लॅमबुकची. आपलं पान सगळे वाचणार हे माहीत असायचं. त्यामुळे 'फर्स्ट क्रश' समोर 'माय मदर' आणि 'ॲम्बिशन' समोर 'टू बी अ गुड ह्युमन बीइंग'. सगळ्या मुली एकाच पेनने, एकाच स्पेलिंगच्या चुकीसकट. म्हणजे प्रश्न बरे असतात, पण उत्तर प्रेक्षकांसाठी दिलं जातं.

मग १९९७ मध्ये आर्थर ॲरन नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो प्रसिद्ध प्रयोग आला. एकमेकांना न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना ३६ प्रश्न दिले, तीन भागांत, पाऊण तासात. काही जोड्यांना तेवढाच वेळ नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पांचे प्रश्न दिले. नंतर विचारलं, समोरचा किती जवळचा वाटतो? ३६ प्रश्नवाल्यांना जास्त वाटला. प्रश्न हळूहळू खोल जातात, पण माझ्या मते खरी मेख वेगळी आहे, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं असतं. तिथे फॅसिलिटेटर नाही कुणी! पुढे २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये एका लेखिकेने लिहिलं की तिने हे प्रश्न एका ओळखीच्या माणसाबरोबर करून पाहिले आणि ते प्रेमात पडले, मग काय, जगभर 'प्रेमात पाडणारे ३६ प्रश्न' झालं. आमच्या भाच्याने पण एका मुलीला पाठवले, पीडीएफ करून. तिने ब्लॉक केलं. अरे, पाठवायचे नसतात, बसून बोलायचे असतात.

त्यातला तिसराच प्रश्न बघा किती साधा आहे. फोन करण्याआधी काय बोलायचं याची मनात तालीम करता का? हात वर करा बरं कोण कोण करायचं. बघा, पन्नाशीच्या पुढचे सगळे! कारण लँडलाइन. मैत्रिणीच्या घरी फोन लावला की तिचे बाबाच उचलणार, "कोण? काय काम आहे?" आणि आपलं पाठ केलेलं वाक्य घशातच. एका काकांनी तर पलीकडून सांगितलं होतं, "काम असेल तर बोल, गप्पा असतील तर घरी ये." मी गेले घरी. थालीपीठ मिळालं. आताची मुलं फोनच करत नाहीत, त्यामुळे तालमीचा प्रश्न मिटला.

हां, तर आता आमच्या टेकडीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही काही जणी रविवारी वेताळ टेकडीवर जातो, फार वर्षं झाली. चढताना तब्येती, वर सुना-जावई, उतरताना वाहतूक. एकदा मला कंटाळा आला आणि मी म्हटलं, लहानपणी तुमच्या घरी कुठली गोष्ट फक्त पाहुणे आले की बाहेर निघायची? आणि लगेच माझं सांगून टाकलं, आमच्याकडे चांगला साबण निघायचा. हिरवा वासाचा. पाहुणे गेले की आई तो पुसून, वाळवून परत खोक्यात ठेवायची, आणि मी एकदा पाहुण्यांच्या मागोमाग जाऊन हात धुतले म्हणून मार खाल्लाय.

झालं, सगळ्या सुटल्या. एकीकडे मोराच्या डिझाइनची चादर, एकीकडे सोनेरी कडेचे कप, ज्यातला एक फुटल्यावर पाच पाहुण्यांच्या वर बोलवायचंच नाही असा नियम झाला. एकीच्या घरी टीव्हीच्या शटरची किल्ली. एकीकडे काजू, पण वाटीत किती घातले ते मोजून. हसून हसून चढ कधी संपला कळलं नाही.

आमच्यात एक आहे, कमी बोलते. तिची ख्याती म्हणजे तिला सगळं दुरुस्त करता येतं. मिक्सर, इस्त्री, नातवाची रिमोटची गाडी. आम्ही तिला इतकी वर्षं राबवून घेतोय आणि एकीनेही कधी विचारलं नव्हतं की बाई, तू बँकेत नोकरी केलीस, हे सोल्डरिंग तुला येतं कुठून? ती म्हणाली, "आमच्याकडे बाहेर काही नाही निघायचं. पाहुणे आले की काका आत जायचे."

कुणाला काही सुचेना. तिच्या काकांचं डोकं ताळ्यावर नसायचं, मोठ्याने बोलायचे, म्हणून पाहुणे आले की त्यांना मागच्या खोलीत बसवायचे. आता अशा वेळी आपण काय करतो, "अगं बाई" म्हणतो, पाठीवरून हात फिरवतो आणि विषय बदलतो. मीही तेच करणार होते. पण आमच्यातली सगळ्यात वाह्यात बाई, ती म्हणाली, "मग आत बसून काय करायचे गं?"

"रेडिओ उघडायचे," ही म्हणाली. व्हॉल्व्हचा जुना रेडिओ. आणि काका एकटे नकोत म्हणून हिला आत पाठवायचे, हातात दोघांचे पोहे देऊन. बाहेर स्थळं, बढत्या, जमिनीच्या गोष्टी, आणि आत ही बॅटरी धरून बसलेली. काका बोट दाखवायचे तिथे उजेड पाडायचा. काकांचा हात एरवी थरथरायचा पण कैया, म्हणजे सोल्डरिंगची तापती सळई, धरला की नाही, असं ती म्हणाली. शिसं वितळल्याचा वास तिला अजून पाहुणे आल्यासारखा वाटतो. हे सांगताना ती रडली वगैरे नाही हं, तुम्ही उगीच तसे चेहरे करू नका. उलट मला म्हणाली, "तुझ्या मिक्सरचे कार्बन ब्रश गेलेत, तपकीर गल्लीतून आणून ठेव, मी बुधवारी येते."

चिठ्ठी आलीये. 'सात मिनिटे.' अहो मी मुद्द्यावर आता येतीये! बरं, भराभर घ्या.

एक, आधी आपलं उत्तर. आणि ते पण थोडं लाज आणणारं. मी साबणाचा मार सांगितला नसता, नुसतं विचारलं असतं, तर त्या म्हणाल्या असत्या, "काही नाही गं, साधंच होतं आमचं." समोरचा किती सांगेल हे तुम्ही किती सांगता त्याच्यावर असतं.

दोन, वस्तूबद्दल विचारा. 'तुझं सगळ्यात मोठं दुःख काय' असं विचारलं की माणूस टीव्हीवर मुलाखत दिल्यासारखा बोलायला लागतो. साबण विचारा, दुःख यायचं असेल तर त्याचं ते येतं. आणि नाही आलं तरी बिघडत नाही, काजूची वाटी तर काजूची वाटी. दरवेळी काका निघाले पाहिजेत अशा आशेने विचारू नका, ते कळतं लोकांना. माझे चालणारे प्रश्न सांगते, लिहून घ्यायचे तर घ्या. कुठल्या नातेवाइकाची नक्कल तुला हुबेहूब जमते? पहिल्या पगारातून स्वतःसाठी काय आणलंस, आईची साडी सोडून? साडी सोडून म्हणायचंच, नाहीतर सगळे साडीच सांगतात. आणि माझा लाडका, कुठलं भांडण तू अजून अंघोळ करताना जिंकतेस?

तीन, आणि खरं म्हणजे यावरच मला अर्धा तास बोलायचं होतं, पहिला प्रश्न तुम्ही कुठूनही उचला, दुसरा प्रश्न उत्तरातूनच आला पाहिजे. हार्वर्डच्या काही संशोधकांचा २०१७ चा अभ्यास आहे, ऑनलाइन गप्पा आणि स्पीड डेटिंग दोन्हीत पाहिलं, तर जे लोक समोरच्याच्या बोलण्याला धरून पुढचं विचारत होते ते जास्त आवडले. आपण काय करतो? समोरचा सांगत असतो आणि आपण आपली गोष्ट तयार ठेवून त्याने श्वास घ्यायची वाट बघतो. नाहीतर यादीतला पुढचा नंबर. त्या दिवशी मी पुढचा नंबरच घेणार होते, 'आत बसून काय करायचे गं' हे त्या वाह्यात बाईला सुचलं. तिला मी आज बोलावलं होतं, आली नाही, मॅच आहे म्हणे.

चार, कुणी नाही म्हणालं तर सोडायचं, 'सांग ना, सांग ना' करायचं नाही. नवरा-बायको एकत्र असताना पहिल्या पगाराचा प्रश्न टाळा, मी एका घरात रात्री साडेअकरापर्यंत अडकले होते. आणि शक्यतो चालता चालता विचारा, समोर बघत बोलायला माणसाला सोपं जातं.

हे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एक जण मन लावून चार परिच्छेद लिहितो आणि बाकीचे अंगठा देतात, मग तो वर्षभर बोलत नाही.

काय? हो हो, दिसतायत मला. दारात योगावाले सतरंज्या घेऊन उभे आहेत. येऊ द्या त्यांना आत. खुर्च्या तेवढ्या भिंतीला लावून ठेवा, आणि पहिल्या रांगेतल्या लावायची गरज नाही, त्यांच्यावर कुणी बसलेलंच नाही.