घाई कुठे, सबुरी कुठे

नमस्कार श्रोतेहो.

"मॅडम, बाबाले सकाळीच ऊन लागलं. पन्हं पाजलं, कांदा फोडून नाकाशी धरला, तरी बोलता येऊन नाही राह्यलं."

मे महिन्यातली संध्याकाळ, साडेपाच वाजलेले. उमरेडकडच्या एका गावातून मुलगा वडिलांना गाडीत घालून घेऊन आला होता. वडिलांचा उजवा हात लुळा, तोंड डावीकडे ओढलेलं, आणि पन्ह्याचा ठसका लागून छातीत घरघर. घरच्यांना दोष तरी कसा द्यायचा? पारा पंचेचाळीसच्या वर, आणि आदल्याच दिवशी शेजारच्या वावरात एकाला खरोखर ऊन लागलेलं. पण बाबांना ऊन लागलं नव्हतं. त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली होती. यालाच आपण लकवा म्हणतो, पुस्तकात पक्षाघात.

त्याच वेळी बाहेरच्या बाकावर तिशीतला एक तरुण बसला होता. ऑफिसात पाण्याची कॅन उचलताना चार दिवसांपूर्वी त्याच्या कमरेत चमक भरली होती. चार दिवसांत दोन डॉक्टर झाले, एमआरआय झाला, आणि आता "गादी सरकली, ऑपरेशन करावं लागेल का?" हा प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला होता. स्वतःच्या पायांनी चालत आला, पायात ताकद पूर्ण, लघवीची काही तक्रार नाही.

त्या दोघांनी आपापली घाई आणि सबुरी अदलाबदल केली असती तर माझी ती संध्याकाळ फार सुखाची गेली असती. मेंदू, मणका आणि नसा यांच्याबद्दल लोक जे प्रश्न विचारतात, त्यांतल्या बहुतेकांमागे हाच घोटाळा असतो. जिथे धावायला हवं तिथे आपण वाट पाहतो आणि जिथे थांबलं तरी चालतं तिथे धावतो. आज त्याच अंगानं बोलते.

पहिला प्रश्न लकव्याचाच. "यावर औषध आहे का?" आहे, पण ते घड्याळाला बांधलेलं आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी बाहेर ओढून काढता येते, आणि निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंत करता येतं. हा २४ चा आकडा सांगताना मला नेहमी धास्ती वाटते, कारण तो ऐकून लोक निवांत होतात. मेंदूची मोठी वाहिनी बंद राहिली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. आपण चपला शोधतो, आधार कार्ड शोधतो, मोठ्या जावयाला फोन लावतो, तेवढ्यात किती गेल्या याचा हिशोब तुम्हीच करा.

ही वेळ मोजायची कधीपासून? माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तेव्हापासून. आपल्या लक्षात आलं तेव्हापासून नव्हे. मागे एका आजींना आणलं होतं. घरात सात माणसं, सातांची सात उत्तरं. शेवटी दहा वर्षांची नात म्हणाली, "माझी व्हॅन आली तेव्हा आजी तुळशीजवळून मला ओरडली, डबा विसरली म्हणून." व्हॅन रोज सहा पन्नासला येते. म्हणजे सहा पन्नासला आजी उभ्या होत्या आणि नीट बोलत होत्या. त्या पोरीच्या त्या एका वाक्यावर इंजेक्शन द्यायचा निर्णय झाला.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातं का पाहा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली घसरतो का पाहा. एखादं साधं वाक्य म्हणायला लावा. अचानक तोल जाणं, अचानक एका बाजूचं दिसेनासं होणं हेही त्यातच धरा. ऊन लागलेला माणूस सगळ्या अंगानं ढेपाळतो, अंग भाजत असतं, बरळतो. लकवा सहसा एक बाजू निवडतो. अर्थात ऊन लागणं हाही काही किरकोळ प्रकार नाही. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की लहान मेंदूच्या पेशी होरपळतात, आणि वाचलेल्यांपैकी काही जण पुढे महिनोन्महिने झोकांड्या देत चालतात. तिथे आधी सावली, अंगावर पाणी, पंखा, आणि त्याच वेळी १०८ ला फोन.

लकव्याचा संशय असेल तर तोंडात काहीही घालू नका. पन्हं नाही, साधं पाणीही नाही, कारण गिळण्याचे स्नायूसुद्धा लुळे पडलेले असू शकतात आणि घोट सरळ फुप्फुसात जातो. ॲस्पिरिनची गोळी तर नकोच. शंभरातल्या साधारण पंच्याऐंशी जणांत गुठळी असते, उरलेल्यांत वाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो, आणि सीटी स्कॅनशिवाय यातलं कोणतं हे मलाही सांगता येत नाही. म्हणून चोवीस तास सीटी चालू असतं तिथेच थेट जा. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं असोत, मिहानचं एम्स असो की धंतोलीतलं एखादं खासगी इस्पितळ, गावाहून निघतानाच फोन करून विचारा: सीटी सुरू आहे का, गुठळीचं इंजेक्शन देता का?

"दहा मिनिटांत आपोआप बरं झालं, मग कशाला यायचं?" हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. ती मोठ्या लकव्याची वर्दी असते, आणि पुढचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे.

तरुणांना लकवा येत नाही असंही नाही. सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडाड करून मोडून घ्यायची ज्यांना सवय आहे, त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या असतात आणि त्या हिसक्यानं त्यांचं अस्तर फाटू शकतं. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेल असलेल्या लहान मुलांनाही लकवा येतो. दोन ते सोळा वर्षांच्या अशा मुलांची मेंदूच्या वाहिन्यांची डॉपलर सोनोग्राफी वर्षातून एकदा करावी. धोका आधी कळला तर टाळता येतो.

आता कूलर. उन्हाळ्यात दर आठवड्याला कोणीतरी सांगतं, "रात्री कूलरसमोर झोपलो, हवा लागली, सकाळी तोंड वाकडं." कूलरला मी निर्दोष सोडते. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. ती सुजली की तिथेच आवळली जाते आणि अर्धा चेहरा थांबतो. लकव्यात कपाळाला आठ्या सहसा दोन्हीकडे पडतात, इथे कपाळाची ती बाजूही सपाट होते आणि डोळा मिटत नाही. पण हा फरक घरी ताडत बसू नका, तो ताडायचं काम आमचं. चेहऱ्याच्या नसेचं स्टेरॉइड पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. तोवर त्या डोळ्याला जपा, नाहीतर चेहरा सुधारतो आणि बुबुळ कायमचं पांढरं होऊन बसतं.

वळू या बाकावरच्या त्या तरुणाकडे. "मणक्यात गॅप आला" हे आपल्याकडचं लाडकं निदान. गंमत अशी की दोन मणक्यांमधली गादी झिजते तेव्हा तिथला गॅप वाढत नाही, कमी होतो. आणि गादी साबणाच्या वडीसारखी सरकतही नाही. तिचं बाहेरचं कडं चिरतं आणि आतला मऊ गर थोडा बाहेर येतो. तो गर शेजारच्या नसेला टेकला की कमरेतून पोटरीपर्यंत करंट गेल्यासारखी कळ उठते. हा बाहेर आलेला गर शरीर बऱ्याचदा स्वतःच शोषून घेतं. सहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांना आराम पडतो.

मग एमआरआयमध्ये एवढं मोठं काहीतरी लिहून येतं ते काय? कंबर अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली पाहण्यात आलं, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली. ऐंशीच्या घरातल्यांत ९६ टक्के. म्हणजे रिपोर्टातली झीज डोक्यावरच्या पांढऱ्या केसासारखी असते, वय सांगते, दुखणं सांगेलच असं नाही. त्या तरुणाचा एमआरआय मी उजेडासमोर धरला तोही त्याच्या समाधानासाठी. त्याला दोन दिवस बेतानं राहायला, मग चालायला लागायला आणि महिनाभरानं यायला सांगितलं. तो नाराज होऊन गेला. फी घेऊन डॉक्टरनं "चाला" एवढंच सांगावं हे लोकांना पटत नाही, आणि मी ते समजू शकते. फळीवर झोपायचं का, असंही त्याने जाता जाता विचारलं. नको. मध्यम टणक गादी पुरते.

पण पाठीच्या दुखण्यातही धावायची वेळ येते. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पायाचा पंजा उचलेना आणि चप्पल आपोआप गळून पडू लागली, तर त्याच दिवशी या. रात्री असेल तर रात्री या. तिथे ऑपरेशनला उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जातो. आणि पाठदुखीबरोबर बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं असेल तर मणक्याचा टीबी डोक्यात आणायलाच हवा. तो औषधांनी बरा होतो, फक्त मालिश करून करून वेळ घालवू नका.

"मानेच्या मणक्यामुळे चक्कर येते का?" क्वचित. कूस बदलली की खोली गरकन फिरते ती चक्कर बहुतेक वेळा कानातली. तिथले बारीक खडे जागा सोडतात, डोकं ठरावीक पद्धतीनं फिरवून ते परत नेता येतात. मानेचा पट्टा काढून ठेवा.

हातापायांच्या मुंग्या. साखर तपासा, बी-बारा तपासा. शाकाहारी असाल, किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-बारा कमी पडलेलं असू शकतं. मेडिकल दुकानातून परस्पर लाल इंजेक्शनं टोचून घेण्याआधी कारण तर शोधू. आणि आपल्या भागात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही: कुष्ठरोग. लोक त्याला कातडीचा आजार समजतात, पण तो मुळात नसांचा आजार आहे. वरोऱ्याचं आनंदवन ज्या विदर्भात उभं राहिलं, तिथेही माणसं फिकट, बधिर चट्टा वर्ष-वर्ष लपवतात. त्या चट्ट्यावर चटका बसून कळत नसेल तर सरकारी दवाखान्यात जा, औषध फुकट आहे.

लाखोळीच्या डाळीचं वृद्ध मंडळी हमखास विचारतात. तिच्यात नसांना मारक द्रव्य असतं, दुष्काळात महिनोन्महिने फक्त तीच खाल्लेल्यांचे पाय कायमचे ताठरले, म्हणून १९६१ साली देशात तिच्या विक्रीवर बंदी आली. कधीमधी खाल्लेल्या वड्यानं पाय जात नाहीत. पण तीच रोजचं पोटभर अन्न होता कामा नये.

शेवटी फिट, मिरगी. चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. तापात लहान मुलाला झटके आले आणि ते गुंगीत गेलं, तर मात्र घड्याळही पाहत बसू नका. १९६५ साली आपल्या नागपूरकडच्या चांदीपुरा गावात तापाच्या रुग्णांत जो विषाणू सापडला, त्याला जगभर आज त्या गावाचंच नाव आहे. वाळूमाशीच्या चाव्यानं पसरणारा तो मेंदूज्वर पोराला काही तासांत घेऊन जाऊ शकतो.

"मुलीला फिट येते, लग्न होईल का?" हा प्रश्न आया दाराआड, आवाज खाली करून विचारतात. हिंदू विवाह कायद्याच्या अटींत फेफऱ्याचा उल्लेख १९९९ पर्यंत होता. त्या वर्षी तो काढून टाकला. औषध नीट घेतलं तर दहातल्या सात जणांच्या फिट थांबू शकतात. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आणि मूल हवं असेल तर आधी येऊन भेटा, कारण एक-दोन औषधं गर्भाला चालत नाहीत, ती बदलावी लागतात. सासरी लपवून दिलेल्या मुलीची गोळी पहिल्या रात्रीपासून चुकते आणि आठ दिवसांत फिट येते, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता मी आईला नाही, मुलीलाच विचारते, "त्याला सांगितलंस का?"

ओपीडीला येताना जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं सगळी पिशवीत घालून आणा. मोबाइलवर फिटचा व्हिडिओ असेल तर आणा, तो माझ्या दहा प्रश्नांचं काम करतो. आणि फिट आली तेव्हा जे जवळ होतं त्याला घेऊन या, मग तो शेजारी असो, किराणावाला असो, की शाळेच्या व्हॅनची वाट पाहणारी नात असो. नमस्कार.