कोट तोच, खांदे वेगळे

[दृश्य: संध्याकाळ. तलावपाळीवरची गर्दी. समोर गडकरी रंगायतन.]

ठाणं. मासुंदा तलावाच्या काठावरचं गडकरी रंगायतन. रात्रीचा प्रयोग आहे आणि रंगपटात थोडी धावपळ आहे. मुख्य भूमिका करणारा नट आज मालिकेच्या शूटिंगमध्ये अडकलाय, त्याच्या जागी दुसरा उभा राहणार. कपडेपट सांभाळणारे काका ओठांत टाचण्या धरून काळ्या कोटाच्या बाहीची दुमड उसवतायत. नव्याचे हात लांब आहेत. कॉलरच्या आतल्या पट्टीवर आधीच्या नटाचं नाव पेनाने लिहिलेलं आहे, ते काकांनी खोडलेलं नाही. म्हणाले, "राहू दे की. उद्या तो परत यायचा."

बाहेर बुकिंगच्या खिडकीशी एक आजोबा विचारतात, "आज कोण करतंय?" नाव ऐकतात, जरा नाक मुरडतात आणि तिकीट काढतात.

मराठी प्रेक्षकाला याची सवयच आहे. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले 'नटसम्राट'मधले गणपतराव बेलवलकर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही केले. लोकांनी तुलना केली, भांडले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले.

सिनेमाचं तसं नाही. नाटकातला आधीचा नट फक्त आठवणीत उरतो. सिनेमातला पडद्यावर जसाच्या तसा शिल्लक असतो, आणि नव्याला त्याच्याच शेजारी उभं राहावं लागतं. तरीही एका हेराने हे साठ वर्षं निभावलं. १९६२ ते २०२१, एकाच निर्मितीसंस्थेचे पंचवीस चित्रपट, सहा नट, नाव एकच. जेम्स बाँड.

गंमत बघा. ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनला पहिला बाँडपट झळकला, आणि त्याच महिन्यात आपल्याकडे 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग झाला. इथे प्रभाकर पणशीकर एकटेच पाच रूपं घेत होते. तिथे एका रूपाला पुढे सहा माणसं लागणार होती.

[दृश्य: पांढरी वर्तुळं, बंदुकीच्या नळीतून दिसणारी आकृती.]

ही खूण सगळ्यांच्या ओळखीची. नळीतून दिसणारा माणूस चालत येतो, वळतो, गोळी झाडतो. पण पहिल्या तीन चित्रपटांत हा माणूस पहिला बाँड झालेला शॉन कॉनरी नाहीच, तो बॉब सिमन्स नावाचा स्टंटमन आहे. म्हणजे बाँड म्हणून पडद्यावर पहिली पावलं टाकली तीच मुळी बदली माणसाने!

कॉनरी मात्र असा काही चिकटला की १९६७ साली पाच चित्रपटांनंतर तो वैतागून निघाला, तेव्हा निर्मात्यांपुढे भिंतच उभी राहिली. जपानात शूटिंग चालू असताना पत्रकार त्याच्या मागे स्वच्छतागृहापर्यंत गेले होते, असं सांगतात. कोण टिकेल?

आणि इथे येतो आमच्या काकांच्या धंद्यातला माणूस, म्हणजे शिंपी.

जॉर्ज लेझनबी. ऑस्ट्रेलियातून आलेला मॉडेल, चॉकलेटच्या जाहिरातीतला चेहरा, अभिनयाचा अनुभव जवळजवळ शून्य. हा पठ्ठ्या कॉनरीच्या न्हाव्याकडे गेला, तसेच केस कापून घेतले. मग कॉनरीच्या शिंप्याकडे गेला. तिथे कॉनरीने शिवायला टाकलेला पण न नेलेला एक सूट पडून होता. तो घेतला. मनगटावर रोलेक्स चढवलं आणि थाटात ऑफिसात शिरला. अनुभवाच्या बाबतीत थापा मारल्या. पडदा-चाचणीत मारामारी करताना समोरच्याच्या नाकावर खराखुरा ठोसा बसला, आणि म्हणे तोच निर्मात्यांना आवडला.

एकच चित्रपट केला त्याने, १९६९ साली. सुरुवातीला तो एका मुलीला वाचवतो, मुलगी आभार न मानता पळून जाते, आणि तो प्रेक्षकांकडे बघितल्यासारखं करून म्हणतो, आधीच्या गड्याच्या बाबतीत असं कधी झालं नव्हतं. बदलाची उघड कबुली अशी एकदाच, तीही थट्टेवारी. पुढे कुठल्याही बाँडने हा विषय काढला नाही. माझ्या मते शहाणपण तेच होतं. मालिकेत नट बदलला की आपल्याकडे अपघात होतो, पट्ट्या गुंडाळल्या जातात, प्लास्टिक सर्जरी होते. बाँडने कधी पट्टी बांधली नाही.

लेझनबीला पुढचे अनेक चित्रपट देऊ केले होते. सल्लागाराने कानात सांगितलं, सत्तरच्या दशकात हा सुटाबुटातला हेर चालायचा नाही. ऐकलं बिचाऱ्याने. प्रीमियरला दाढी आणि लांब केस वाढवून गेला. मग निर्मात्यांनी साडेबारा लाख डॉलर मोजून कॉनरीला परत आणलं. १९७१. ते पैसे त्याने स्कॉटलंडमधल्या शिक्षणासाठीच्या न्यासाला दिले. काका बरोबर बोलले होते. उद्या तो परत यायचा.

[दृश्य: पाचपाखाडीतली जुनी इमारत. तळमजल्यावरची दुकानं.]

या शटरमागे एकेकाळी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. माझ्या मामाने बाँड इथून आणून पाहिला, म्हणून मामाचा बाँड म्हणजे रॉजर मूर. भुवई उडवणारा, मरता मरता विनोद करणारा. उदयपूरला रिक्षातून निसटणारा, ज्यात कबीर बेदी आणि विजय अमृतराज होते, तोच तो १९८३ चा. त्याच वर्षी कॉनरीनेही दुसऱ्या निर्मात्याकडून बाँड केला. एका वर्षात दोन बाँड! मामा अजून म्हणतो, "कॉनरी उगीच गंभीर."

मूर कॉनरीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, हे बऱ्याच जणांना खोटं वाटतं. सात चित्रपट केले त्याने, आणि शेवटच्या वेळी सत्तावन्न वर्षांचा होता. नायिकेच्या आईपेक्षा आपण वयाने मोठे आहोत हे कळल्यावर पोटात गोळा आला, असं पुढे त्यानेच सांगितलं. मामासमोर मी हा विषय काढत नाही.

कट्ट्यावरचा आवडता वाद वेगळाच आहे. काहींचं म्हणणं, जेम्स बाँड हे पदाचं नाव आहे, माणूस दर वेळी निराळा. ऐकायला छान आहे. पण १९८१ च्या चित्रपटात मूर एका थडग्यावर फुलं ठेवतो. थडगं बाँडच्या बायकोचं, कोरलेलं साल १९६९. तिच्याशी लग्न लेझनबीने केलं होतं! लग्न एकाचं, दुःख दुसऱ्याच्या वाट्याला. म्हणजे माणूस एकच, फक्त आपण विचारायचं नाही.

विचारू नये म्हणून भोवतीची माणसं टिकवली. शस्त्रं देणारा क्यू, म्हणजे डेस्मंड लेवेलिन, सतरा चित्रपटांत होता. ऑफिसातली सेक्रेटरी मनीपेनी झालेली लोइस मॅक्सवेल चौदांत. नवा नट आला की हेच जुने चेहरे त्याला 'बाँड' म्हणून हाक मारायचे. घरातल्यांनी मानलं की शेजारीपाजारीही मानतात.

[दृश्य: पुन्हा रंगपट. आरशाभोवतीचे दिवे.]

माझा लाडका टिमथी डाल्टन. दोनच चित्रपट, १९८७ आणि १९८९. चिडका, थकलेला, मूळ कादंबऱ्यांतल्या बाँडच्या जवळ जाणारा. वीस वर्षं आधी जन्मला, असं वाटतं. खरं तर ती जागा पिअर्स ब्रॉस्ननची होती. १९८६ मध्ये त्याची निवड झाली, त्या बातमीमुळे त्याच्या बंद पडलेल्या टीव्ही मालिकेला भाव आला, वाहिनीने कराराची मुदत संपता संपता ती पुन्हा सुरू केली, आणि बाँड हातचा गेला. डाल्टननंतर मालकीहक्कांच्या कोर्टकचेऱ्यांत सहा वर्षं गेली, आणि १९९५ मध्ये ब्रॉस्नन एकदाचा आला.

२००५ साली डॅनिएल क्रेगची ओळख लंडनमध्ये थेम्स नदीवर बोटीतून करून दिली. बोटीत त्याने लाइफ जॅकेट घातलं होतं. झालं! वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली. त्यात केस सोनेरी. लोकांनी बहिष्काराची भाषा केली. वर्षभराने चित्रपट आला आणि तोंडं बंद झाली. त्यात बाँड नवा, ठार मारण्याचा परवाना नुकताच मिळालेला. पण त्याची वरिष्ठ ज्युडी डेंचच, जी ब्रॉस्ननचीही वरिष्ठ होती! हिशेब कुठेच जुळत नाही, आणि थिएटरात कुणीही हात वर केला नाही.

क्रेगचा शेवट २०२१ मध्ये झाला, आणि शब्दशः झाला. पडद्यावर बाँड मेला. आता सूत्रं अमेझॉनकडे आहेत, दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव यांचं नाव २०२५ मध्ये जाहीर झालं. आधीचा नट सोडून गेला, म्हातारा झाला, रुसला, हे सगळं चालून गेलं होतं. मेलेल्याच्या जागी उभं राहायची वेळ मात्र पहिलीच.

काकांना हे सांगितलं. त्यांनी ओठांतली शेवटची टाचणी काढून बाहीला लावली. "मेला तो नट की पात्र?"

"पात्र."

"मग काय," म्हणाले, आणि कोट झटकून नव्याच्या खांद्यावर चढवला.

तिसरी घंटा झाली.