‘द लेडी ईव्ह’ : अरे, तो तिला ओळखत कसा नाही?

नमस्कार मंडळी! ‘द लेडी ईव्ह’चं नुसतं नाव काढलं तरी कमेंटमध्ये एकच प्रश्न येतो : हिरो आंधळा आहे का? चला, आज तेवढंच निस्तरू.

गोष्ट भराभर सांगतो. सिनेमा १९४१ चा, लेखक-दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेस. हेन्री फोंडा म्हणजे चार्ल्स पाइक. घरचा बिअरचा धंदा, पैसा अमाप, आणि याला नाद सापांचा. ॲमेझॉनच्या जंगलातून परतताना बोटीवर त्याला जीन गाठते, म्हणजे बार्बरा स्टॅनविक. ही आणि हिचा बाप पत्त्यांत लोकांना लुबाडणारे. लुबाडायला गेलेली जीन खरंच प्रेमात पडते, त्याला तिचा धंदा कळतो, तो झिडकारतो. मग सूड घ्यायला ती थेट त्याच्या कनेटिकटच्या बंगल्यावर इंग्लंडची खानदानी लेडी ईव्ह बनून हजर! आणि हा परत प्रेमात. झालं.

आता मुद्दा. विग नाही, चष्मा नाही, गालावर तीळ नाही. एकाने लिहिलंय, ‘आपल्याकडे निदान मिशी तरी चिकटवतात.’ हसू आलं, पण अहो, गंमत तिथेच आहे! चार्ल्सला शंका येते की. तो स्वतःच म्हणतो, ही फारच सारखी दिसते, म्हणून ती असूच शकत नाही. तोतया असती तर निदान केस तरी रंगवले असते. मिशी चिकटवली असती तर पकडली गेली असती!

तरी पटलं नाही? ठीक. बोटीवरचा फोटो आठवा. जीनबरोबर इतका वेळ घालवला, लग्नापर्यंत गोष्ट आली, आणि एक फोटो हातात पडतो, हे बाप-लेक अट्टल ठग आहेत असं सांगणारा. संपलं प्रेम! ती काय सांगते ते याला पटतच नाही. म्हणजे तेव्हा समोरच्या बाईपेक्षा कागद खरा, आणि कनेटिकटला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा ‘लेडी’ ही पदवी खरी. या माणसाने जीनकडे नीट पाहिलंय कधी? तो माणूस बघतच नाही, पाटी वाचतो.

आमच्या शेजारचे काका सोसायटीच्या वॉचमनला रोज गेटवर हात करतात. परवा मंडईत तोच साध्या शर्टात समोर आला, नमस्कार केला, तर काका मला विचारतात, ‘कोण रे हा?’ काकांची नजर उत्तम आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय.

आणि मग्सी! ओळखतो कोण, तर चार्ल्सचा हा अंगरक्षक. तिला बघताक्षणी घोकायला लागतो, ही तीच बाई, शंभर टक्के तीच. त्याला पदवीचं कौतुक नाही ना. पण नोकराचं ऐकतंय कोण? बंगल्यात सगळे लेडीभोवती पिंगा घालतायत, आणि चार्ल्स सोफ्याला अडखळून पडतोय, कपडे बदलून येतोय, परत कपड्यांचा सत्यानाश.

ज्यांनी ‘सुरुवात संथ आहे’ म्हणून पुढे पळवला, त्यांच्यावर माझा राग आहे. तुम्ही आरशाचा सीन घालवलात! बोटीवरच्या जेवणाच्या हॉलमध्ये चार्ल्स सापांवरच्या पुस्तकात डोकं खुपसून बसलाय. जीन त्याच्याकडे पाठ करून छोटा आरसा धरते, आणि त्या इवल्याशा चौकटीत हॉलभरच्या बायका त्याची नजर वेधायला काय काय करतायत, त्याची कॉमेंट्री करते. अख्खा हॉल तिने वाचून काढला. याने पानावरून नजर उचलली ती निसटायला. मग दाराशी जाईपर्यंत तिने पाय मध्ये घातला आणि साहेब आडवे! वर माझ्या सँडलची टाच मोडली म्हणून त्यालाच झापलं.

‘शेवटी तरी त्याला कळतं का?’ हेही खूप जणांनी विचारलंय. बघितला नसेल तर इथेच थांबा. तो परत बोटीवर येतो, परत जीन, परत लोटांगण. म्हणतो, मला काही समजून घ्यायचं नाही, जे काय असेल ते तुझ्यापाशी ठेव. मग बिचारा कबूल करतो, माझं लग्न झालंय (मधल्या काळात त्या ‘लेडी ईव्ह’शीच!). ती म्हणते, माझंही झालंय. दार बंद. आणि दारातून हळूच बाहेर सटकतो मग्सी, कॅमेऱ्याकडे बघून तेच म्हणत : ही तीच बाई!