पडत्या बाजारात कागदावरचा पोर्टफोलिओ

नमस्कार. आजचा विषय तसा सरळ आहे. बाजार घसरत असताना, खरे पैसे न लावता, शेअर निवडण्याचा सराव कसा करायचा? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी चाललंय ते कळेल. घसरणीत सगळे विचारतात, 'कोणता शेअर स्वस्त झालाय?' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. मंदी संपेपर्यंत कंपनी टिकेल का, आणि टिकली तरी तिच्यातला आपला वाटा तेवढाच राहील का, हे आधी बघायचं. कागदावरच्या पोर्टफोलिओतून हा क्रम हाताला लागला, तर सराव कामी आला म्हणायचा.

आता वहीचे नियम. रक्कम काल्पनिक असली तरी नियम खऱ्यासारखेच कडक हवेत, कारण कागदावर स्वतःला फसवणं फार सोपं असतं. समजा, आपल्याकडे 10 लाख आहेत. खरेदीचा निर्णय बाजार बंद झाल्यावर लिहायचा आणि भाव दुसऱ्या दिवशीचा धरायचा, तोही त्या दिवसाचा सरासरी भाव. बहुतेकजण इथेच घसरतात. दिवसभराचा आलेख बघून झाल्यावर 'मी सकाळी तळालाच घेतला असता' असं म्हणत नीचांकी भाव लिहून मोकळे होतात. खरेदी आणि विक्री, दोन्ही वेळी अर्धा टक्का खर्च वजा करायचा. दलाली, कर आणि घेणारा देऊ करतो तो भाव व विकणारा मागतो तो भाव यांच्यातली तफावत त्यात साधारण बसते. घसरणीत ही तफावत रुंदावते, त्यामुळे छोट्या कंपन्यांसाठी एक टक्का धरलेला बरा. आणखी एक मर्यादा म्हणजे त्या शेअरच्या रोजच्या सरासरी उलाढालीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त रकमेची खरेदी एका दिवसात दाखवायची नाही. ज्या शेअरमध्ये दिवसाला जेमतेम पाच लाखांचे व्यवहार होतात, तिथे तुमची 80 हजारांची ऑर्डर भाव हलवल्याशिवाय राहणार नाही.

प्रत्येक खरेदीसमोर तीन ओळी लिहायच्या: का घेतला, काय झालं तर आपलं चुकलं असं मानू, आणि पुन्हा कधी तपासू. एकदा लिहिलेली ओळ बदलायची नाही. सुधारणा करायची असेल तर तारीख टाकून खाली नवी ओळ.

तळ पकडायचा मोह का नको, ते एका जुन्या उदाहरणावरून बघू. अमेरिकी बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक 3 सप्टेंबर 1929 रोजी 381 वर होता. नोव्हेंबरच्या मध्याला तो 199 पर्यंत आला आणि तिथून एप्रिल 1930 पर्यंत 294 वर चढला. जवळजवळ 48 टक्क्यांची तेजी. त्या वेळी 'तळ होऊन गेला' म्हणणारा माणूस मूर्ख दिसला नसता. पण 8 जुलै 1932 रोजी तोच निर्देशांक 41 वर होता आणि 1929 ची पातळी परत दिसायला नोव्हेंबर 1954 उजाडावा लागला. आता दुसरं टोक घ्या. 2020 मध्ये अमेरिकेचाच एस अँड पी 500 निर्देशांक 19 फेब्रुवारी ते 23 मार्च एवढ्या काळात 34 टक्के पडला आणि ऑगस्टमध्ये जुन्या उच्चांकावर परतला. एक घसरण पावणेतीन वर्षांची, दुसरी पाच आठवड्यांची. आपण यातल्या कोणत्या प्रकारात आहोत, हे घसरणीच्या मधोमध उभं राहून कुणालाच कळत नाही. त्यामुळे पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे आणि दोन्ही प्रकारांत तग धरतील अशाच कंपन्या घ्यायच्या.

तग धरणं कसं मोजायचं? इथे जरा थांबून आकडे मांडू. कंपनी 'अ' घ्या. शेअर 400 वरून 180 वर आलाय. दहा कोटी शेअर आहेत. वार्षिक विक्री 4000 कोटी. विक्रीबरोबर कमी-जास्त होणारा खर्च, म्हणजे कच्चा माल, वाहतूक वगैरे, साठ टक्के: 2400 कोटी. विक्री झाली काय, न झाली काय, करावाच लागणारा स्थिर खर्च 1040 कोटी. उरले 560 कोटी. कर्ज 1600 कोटी, दहा टक्क्यांनी व्याज 160 कोटी. करपूर्व नफा 400, पंचवीस टक्के कर गेला की 300 कोटी निव्वळ. प्रतिशेअर मिळकत 30 आणि भाव 180, म्हणजे पी-ई गुणोत्तर (भाव भागिले प्रतिशेअर मिळकत) फक्त 6. कोणत्याही 'स्वस्त शेअर' यादीत ही कंपनी वरच्या पाचांत येईल.

आता विक्री वीस टक्क्यांनी घटवा. विक्री 3200, बदलता खर्च 1920, स्थिर खर्च तेवढाच 1040. उरले 240. व्याज 160 भरल्यावर 80, कर जाऊन 60 कोटी. विक्री वीस टक्के घटली आणि नफा ऐंशी टक्के घटला. प्रतिशेअर मिळकत 6, म्हणजे 180 च्या भावाला पी-ई 30. विक्री तीस टक्के घटली तर 80 कोटी उरतात आणि व्याज 160 कोटींचं आहे. म्हणजे व्याजही घरातून भरायचं.

कंपनी 'ब' चा शेअर 315 ला आहे, पी-ई 15. शेअर इथेही दहा कोटीच. विक्री 2000, बदलता खर्च 1200, स्थिर खर्च 520, उरले 280, कर्ज नाही. कर जाऊन 210, प्रतिशेअर 21. विक्री वीस टक्के घटली की 120 उरतात, कर जाऊन 90. मिळकत 9, पी-ई 35. नुसतं गुणोत्तर बघाल तर 'ब' अजूनही महाग. पण विक्री तीस टक्के घटली तरी तिच्या हातात 40 कोटी उरतात, आणि दारात कुणी सावकार उभा नाही.

एवढा हिशेब प्रत्येक उमेदवार कंपनीसाठी करायचा. कंपन्या बदलता आणि स्थिर खर्च असा वेगळा छापत नाहीत, तो अंदाजाने काढावा लागतो. कच्चा माल, इंधन, वाहतूक, विक्रीवरचं कमिशन बदलत्यात. पगार, भाडं, घसारा, देखभाल स्थिर धरा. मागची घसरण आली त्या वर्षीचे आकडे काढून अंदाज पडताळा. तेव्हा विक्री किती घटली आणि नफा किती घटला, यावरून कंपनीचा स्वभाव दिसतो.

त्यानंतर ताळेबंदाच्या टिपा वाचायच्या. एकूण कर्जाइतकंच महत्त्व परतफेडीच्या वेळापत्रकाला आहे. 'अ' च्या 1600 कोटींपैकी 500 कोटी येत्या बारा महिन्यांत फेडायचे असतील आणि हातात रोख 90 कोटीच असेल, तर कंपनीला नवं कर्ज मिळण्यावर सगळं अवलंबून आहे, आणि मंदीत नेमकं तेच आटतं. माझी चाळणी अशी: विक्री वीस टक्के घटवून व्याज भरण्याआधी उरलेला नफा व्याजाच्या किमान दुप्पट हवा, आणि रोख अधिक वर्षभराचा मोकळा रोख प्रवाह (धंद्यातून आलेल्या रोखीतून यंत्रं-इमारतींवरचा खर्च वजा जाता उरलेली रोख) हा वर्षभरात फेडायच्या कर्जापेक्षा जास्त हवा. 'अ' पहिल्याच अटीला 240 भागिले 160, म्हणजे दीड पटीवर बाद. एडवर्ड ऑल्टमन यांनी 1968 मध्ये मांडलेला झेड-स्कोअर, म्हणजे कंपनी दिवाळखोरीत जाण्याचा धोका मोजणारा आकडा, वापरायचा तर वापरा. उत्पादन करणाऱ्या कंपन्यांसाठी तो 1.81 च्या खाली गेला की धोका मानतात. मात्र त्यात बाजारमूल्यही मोजलं जातं, म्हणून घसरणीत तो सगळ्यांचाच खालावतो. जोडीला ठेवा, एकट्यावर विसंबू नका.

येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, आणि मालसाठाही तपासा. विक्री स्थिर असताना येण्यांचे दिवस, म्हणजे उधारी वसूल व्हायला लागणारे सरासरी दिवस, 60 वरून 95 वर गेले असतील, तर माल उधारीवर ढकलला जातोय. नफा पुस्तकात दिसतो, बँकेत येत नाही. सलग तीन वर्षांचा निव्वळ नफा आणि कामकाजातून आलेली रोख शेजारी शेजारी लिहा. रोख सतत मागे राहत असेल तर कारण सापडेपर्यंत ती कंपनी यादीबाहेर.

बँका आणि वित्तकंपन्यांना ही चाळणी लागू होत नाही, कारण कर्ज हाच त्यांचा कच्चा माल. त्यांचं भांडवल, बुडीत कर्जं आणि ठेवींची मुदत वेगळी बघावी लागते. पहिल्या पोर्टफोलिओत त्यांना वगळलं तरी चालेल.

आता वाट्याचा मुद्दा. कंपनी वाचली म्हणजे भागधारक वाचला असं नाही. 'अ' ने कर्ज फेडायला 100 च्या भावाने दहा कोटी नवे शेअर विकून 1000 कोटी उभे केले असं समजा. कंपनी तरली, धंदा सावरला, नफा पुन्हा 300 कोटी झाला. पण शेअर आता वीस कोटी आहेत, मिळकत प्रतिशेअर 15. (फिटलेल्या कर्जाचं व्याज वाचेल म्हणा, त्याने थोडा फरक पडेल, करानंतर 75 कोटी. तरी 19 च्या आतच.) जुनी 30 ची मिळकत मनात धरून बसलेला माणूस वाट बघतच राहतो. 2008 च्या संकटात सिटीग्रुप या अमेरिकी बँकेचं असंच झालं. बँक तरली, पण शेअरची संख्या इतकी फुगली की 2011 मध्ये दहा शेअरचा एक करावा लागला. जुना उच्चांक हे लक्ष्य मानणं म्हणूनच धोक्याचं. 'चारशेचा शेअर एकशेऐंशीला मिळतोय' या वाक्यात चारशेला काही अर्थ नाही.

उतरलेल्या भावाचं गणितही नीट समजून घ्या. 80 टक्के पडलेला शेअर आधी 60 टक्के पडलेला असतो आणि तिथून पुन्हा निम्मा झालेला असतो: 100 चा 40, 40 चा 20. साठ टक्क्यांवर 'आता अजून किती पडणार' म्हणत घेणाऱ्याचे निम्मे पैसे गेले. आणि 20 वरून 100 ला पोहोचायला 400 टक्के वाढ लागते.

पोलाद, सिमेंट, रसायनं, वाहनं अशा चक्राकार धंद्यांत पी-ई उलटा वाचावा लागतो. नफा शिखरावर असताना तो कमी दिसतो आणि नफा तळाला असताना प्रचंड दिसतो. इथे सात-आठ वर्षांच्या सरासरी नफ्यावर भाव मोजा. त्या काळात एक तरी वाईट वर्ष यायलाच हवं, नाहीतर सरासरी फसवी निघते.

चाळणीतून पंचवीस-तीस नावं उरतील. त्यातून बारा निवडा. एका कंपनीत जास्तीत जास्त आठ टक्के, म्हणजे 80 हजार, आणि एका क्षेत्रात पंचवीस टक्के. पैसे तीन हप्त्यांत घाला. पहिला हप्ता लगेच. दुसरा आणि तिसरा पुढच्या दोन तिमाही निकालांनंतर, तेही कंपनी चाळणीत अजून बसत असेल तरच. भाव पडला म्हणून हप्ता, असा नियम ठेवू नका. सगळ्यात जास्त भाव सगळ्यात आजारी कंपनीचा पडतो आणि सरासरी खाली आणण्याच्या नादात सगळे पैसे तिच्याकडेच जातात. लोक याला धीर म्हणतात, माझ्या मते तो निव्वळ हट्ट आहे.

निकाल मोजायला वहीत तीन रकाने करा. पहिल्यात तुमच्या बारा कंपन्या. दुसऱ्यात त्याच तारखांना, त्याच रकमा निर्देशांकात घातल्या असत्या तर काय झालं असतं ते, लाभांश धरून. तिसरा रकाना बहुतेक जण करत नाहीत आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो: चाळणीतून उरलेल्या त्याच पंचवीस-तीस नावांतून चिठ्ठ्या टाकून काढलेल्या बारा कंपन्या. तुमचा रकाना निर्देशांकाच्या पुढे आणि चिठ्ठ्यांच्या बरोबरीला असेल, तर फायदा चाळणीचा आहे, तुमच्या निवडीचा नाही. अशा वेळी निवडीवर घालवलेल्या रात्री वाचवता येतात. चिठ्ठ्या एकदाच टाकून भागणार नाही. स्प्रेडशीटवर दोनशे वेळा टाका आणि त्यांत तुमचा क्रमांक कितवा येतो ते बघा. एक वर्षाचा निकाल नशिबाचाही असू शकतो, तेव्हा किमान आठ तिमाही निकाल जाऊ द्या.

शेअर विकण्याबद्दल आणि वहीतल्या नोंदींबद्दल तीनच गोष्टी. खरेदीच्या वेळी 'काय झालं तर चुकलो' म्हणून जे लिहिलं होतं ते घडलं, तर दुसऱ्या दिवशी विकायचं, भाव काहीही असो. शेअरची नोंदणी रद्द झाली किंवा कंपनी दिवाळखोरीत गेली, तर ती ओळ शून्य किमतीने वहीत तशीच राहते आणि एकूण परताव्यात मोजली जाते. एका शेअरचे अनेक शेअर झाले, बोनस म्हणून फुकट शेअर आले किंवा जुन्या भागधारकांसाठी हक्काचे नवे शेअर निघाले, तर संख्या आणि भाव दोन्ही त्याच दिवशी दुरुस्त करा. हे राहून गेलं की कागदावर रातोरात निम्मा तोटा दिसतो आणि माणूस चांगला शेअर घाबरून विकतो. आता प्रश्न घेऊ या. चाळणीच्या हिशेबाबद्दल असतील तर आधी ते विचारा.