ई-पेपरचा घरगुती कॉम्प्युटर: आधी स्क्रीन, मग बाकीचं

घरी पोर्टेबल कॉम्प्युटर बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, प्रोसेसर कुठला घेऊ? माझं म्हणणं, तो प्रश्न नंतरचा. ई-पेपर, म्हणजे ई-बुक रीडरवर असते तशी कागदासारखी दिसणारी स्क्रीन, लावायचं ठरलं की बाकी सगळ्यांनी त्याच्या कलाने घ्यायचं.

कारण बघा, या स्क्रीनच्या आत काळे-पांढरे बारीक कण द्रवात तरंगत असतात, त्यांच्यावर विरुद्ध चार्ज असतो, व्होल्टेज दिलं की एका रंगाचे वर येतात आणि दुसरे खाली बसतात. म्हणजे खरोखरच काहीतरी हलतंय, वेळ लागणारच, आणि थंडीत तर ते अजून सुस्तावतात. छोट्या पॅनेलला पूर्ण रिफ्रेशला, म्हणजे अख्खी स्क्रीन नव्याने उमटवायला, दोन-तीन सेकंद सहज लागतात, तेही काळं-पांढरं लुकलुक करत. पार्शल रिफ्रेश, म्हणजे फक्त बदललेला भाग उमटवणं, साधारण ०.३ सेकंदात होतो पण जुन्या अक्षरांची पुसट सावली मागे राहते, त्यामुळे अधूनमधून पूर्ण रिफ्रेश मारावाच लागतो. बदल्यात मिळतं काय, तर एकदा उमटलेलं पान टिकवायला वीज लागत नाही.

आता टायपिंग. बरा टायपिस्ट सेकंदाला चार-पाच बटणं दाबतो, प्रत्येक बटणाला रिफ्रेश केलात तर स्क्रीन मागेच पडणार. म्हणून कीबोर्ड वेगळा वाचत राहायचा, चालू रिफ्रेश संपला की तोवर जमलेली अक्षरं एकदम टाकायची. देवनागरीत अजून एक गंमत आहे, 'क' नंतर ऱ्हस्व वेलांटी दाबली की ती क च्या आधी जाऊन बसते, म्हणजे नुसतं पुढचं अक्षर रंगवून भागत नाही, अख्खा शब्द पुन्हा काढायचा. लुकलुकणारा कर्सर आणि स्क्रोलिंग विसरा, सरळ पान उलटा.

मेमरीची चिंता नको. ८०० बाय ४८० चं पॅनेल, पिक्सेलला एक बिट, झाले ४८,००० बाइट. ईएसपी३२ या स्वस्त, छोट्या प्रोसेसर चिपमध्ये ५२० केबी (सुमारे सव्वापाच लाख बाइट) रॅम असते, नुसतं लिहायला-वाचायला भरपूर. रास्पबेरी पाय हा एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर लावलात तर लिनक्स मिळेल, पण तो जागाच राहतो आणि स्क्रीनने वाचवलेली बॅटरी तो पिऊन टाकतो. ईएसपीला एक बटण दाबल्यापासून दुसरं दाबेपर्यंत लाइट स्लीप (हलकी झोप) द्या, बराच वेळ कोणी हात लावला नाही की डीप स्लीप (गाढ झोप). फक्त डीप स्लीपमध्ये मुख्य रॅम पुसली जाते, तेव्हा आधी मजकूर फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, सेव्ह करा. पान स्क्रीनवर तसंच असतं, त्यामुळे मशीन झोपलंय हे कळतही नाही.

बॅटरीची खरी चोरी मात्र भलतीकडेच होते. चिप झोपेत १० मायक्रोअँपच्या आसपास खाते, पण स्वस्त डेव्हलपमेंट बोर्डवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर (चिपला ठरावीक व्होल्टेज पुरवणारा भाग) एकटाच ५ मिलीअँप गिळतो, म्हणजे ३००० एमएएचचा सेल काही न करता २५ दिवसांत रिकामा. वर त्याला इनपुटला आउटपुटपेक्षा साधारण एक व्होल्ट जास्त लागतो, लिथियम सेलवर तो चिपला लागणारे ३.३ व्होल्ट धड देतच नाही. तेव्हा बोर्ड झोपवून मल्टिमीटर बॅटरीच्या वायरीत सिरीजमध्ये लावा, आकडा मिलीअँपमध्ये आला तर आधी रेग्युलेटर बदला आणि मग ती दिमाखात जळणारी पॉवरची एलईडी काढा.