दूध पचवणारी पेशी

(दृश्य : पातेल्यात वर येणारं दूध. कडेला जमलेली साय.)

दुधाला जी हलकीशी गोडी असते, ती लॅक्टोजची. ही साखर अख्खी रक्तात जात नाही. तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे व्हावे लागतात. ते करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे लॅक्टेज.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली लहान आतड्याचं अस्तर.)

मखमलीसारखं दिसतंय, ते लहान आतड्याचं अस्तर आहे. त्यातली एकेक लव जेमतेम मिलिमीटरभर उंच. तिच्या पायथ्याच्या खळग्यात नवी पेशी जन्मते आणि वर सरकू लागते. सुरुवातीला तिच्यापाशी लॅक्टेज नसतं. वर चढता चढता ती ते घडवते आणि स्वतःच्या माथ्यावर मिरवते. तीन ते पाच दिवसांत शेंड्याला पोचते आणि गळून पडते. मागची तिची जागा घेते.

म्हणूनच जोराच्या जुलाबांत हे शेंडे झडले की बाळाला काही दिवस दूध सोसत नाही. अस्तर भरून आलं की पुन्हा पचतं. (अंगावरचं दूध मात्र तेव्हाही तोडायचं नसतं.)

पण बहुतेकांचं लॅक्टेज मोठेपणी आटतं. रोज नव्या पेशी येत असताना ते आटतं कसं?

(दृश्य : गुणसूत्राचं रेखाचित्र. एका ठिपक्यावर प्रकाश.)

लॅक्टेजचं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्याला चालू ठेवणारी कळ मात्र शेजारच्या जनुकात दडलेली. 2002 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ती शोधली : लॅक्टेजच्या जनुकाच्या 13,910 अक्षरं आधी. (डीएनएचा मजकूर ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत असतो.) तिथे ‘सी’ असेल, तर वयाबरोबर त्या भागावर रासायनिक खुणा साचत जातात आणि जनुक मंदावतं. ‘टी’ असेल, तर ते जागं राहतं. आईकडून किंवा वडिलांकडून, एक ‘टी’ मिळाला तरी पुरतो. भारतातही हाच ‘टी’ सापडतो. वायव्येकडे जास्त, दक्षिणेला आणि पूर्वेला कमी. पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांमध्ये मात्र हेच काम वेगळ्या अक्षरांनी साधलंय.

जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांत हे जनुक मंदावलेलंच असतं. तो आजार नव्हे.

(दृश्य : ओट्यावर तसाच राहिलेला दुधाचा पेला.)

‘रोज थोडं थोडं पी, सवय होईल,’ असं घरोघरी मायेनं सांगतात. पण दूध पिऊन हे जनुक जागं होत नाही. न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरतं, पाणी ओढून घेतं, तिथले जिवाणू ते आंबवतात. पोट गुडगुडतं, फुगतं. त्या वायूतला हायड्रोजन रक्तातून श्वासात येतो, आणि डॉक्टर तो मोजू शकतात. सवय होते ती या जिवाणूंना, आतड्याच्या पेशींना नाही. जबरदस्तीनं पेला संपवायला लावलेल्या पोराचं पोट खरंच दुखत असतं हो.

(दृश्य : कोमट दुधात विरजणाचा चमचा.)

दह्याचं तसं नाही. विरजणातले जिवाणू रात्रभरात थोडं लॅक्टोज संपवतात. उरलेल्यासाठी स्वतःचं विकर घेऊन ते पोटात उतरतात, आणि लहान आतड्यात ते विकर कामाला लागतं.