विद्यापीठात असताना कॅथलिक होणं

[दृश्य: जुन्या कॉलेजचं दगडी आवार. पाऊस.]

निवेदन:
२१ ऑक्टोबर १८६६. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात शिकणारा बावीस वर्षांचा एक विद्यार्थी बर्मिंगहॅमला जातो आणि कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश करतो. त्याचं नाव जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स. पुढे तो इंग्रजीतला मोठा कवी म्हणून ओळखला गेला, पण त्या दिवशी तो घरच्यांचं मन मोडून आलेला मुलगा होता. आईवडील निष्ठावान अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट राष्ट्रीय चर्चचे. थोडं थांब, अशी त्यांनी विनवणी केली होती.

त्याला ख्रिस्तसभेत घेणारे जॉन हेन्री न्यूमन स्वतः याच वाटेनं आलेले. ऑक्सफर्डमधले नावाजलेले प्रवचनकार आणि १८४५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कॅथलिक झालेले. त्यांनी हॉपकिन्सला काय सांगितलं? परत जा, अभ्यास पुरा कर, चांगल्या श्रेणीत पदवी घे. या निर्णयामुळे तू आपल्या कर्तव्याला चुकला नाहीस, हे घरच्यांना दिसू दे. आज या वाटेवर निघालेल्या विद्यार्थ्याला सांगावं असं याहून शहाणं मला काही सुचत नाही.

[दृश्य: विद्यापीठातल्या छोट्या चॅपलशेजारची खोली. गोलात मांडलेल्या खुर्च्या.]

न्यूमन यांचं नाव आज अनेक विद्यापीठांतल्या कॅथलिक केंद्रांना आहे. पहिला न्यूमन क्लब पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १८९३ साली निघाला. अशा केंद्रांत आठवड्यातली एक संध्याकाळ श्रद्धा स्वीकारण्याच्या तयारीसाठी ठेवलेली असते. येणारे सगळे एकाच जागेवरून निघालेले नसतात. कुणाचा बाप्तिस्माच झालेला नसतो. कुणाचा दुसऱ्या ख्रिस्ती पंथात झालेला असतो. तो वैध असेल तर कॅथलिक ख्रिस्तसभा तो पुन्हा देत नाही. अशी व्यक्ती आपली श्रद्धा जाहीर करते, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सा या उपासनेतली पवित्र भाकर) घेते. आणि काहीजण जन्मापासून कॅथलिकच असतात, फक्त शाळेच्या वयात त्यांचं दृढीकरण राहून गेलेलं असतं. या तिसऱ्या गटाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. घरच्यांबरोबर रविवारची मिस्सा सवयीनं करत आलेला हा तरुण आता पहिल्यांदाच स्वतःला विचारत असतो: हे माझं आहे का?

प्रश्न सगळ्यांकडेच असतात, आणि ते जड असतात. निरपराध माणसाला दुःख का भोगावं लागतं? विज्ञान शिकताना सृष्टीच्या कथेचं काय करायचं? पाप फादरांसमोर का सांगायचं? चांगला चॅप्लन, म्हणजे विद्यापीठातल्या कॅथलिकांसाठी नेमलेला धर्मगुरू, घाईनं उत्तर देत नाही. प्रश्न टेबलावर राहू देतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यावर येतो.

अशी सावकाश तयारी ख्रिस्तसभेला नवी नाही. पहिल्या शतकांमध्ये प्रौढ माणूस दीक्षार्थी म्हणून दीर्घकाळ शिकत असे, मगच त्याला बाप्तिस्मा मिळे. पुढे ख्रिस्तसभेचा थोर विचारवंत ठरलेल्या ऑगस्टिनला मिलानमध्ये बिशप अँब्रोझ यांनी ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा दिला तो ३८७ साली. पुढे ही पद्धत मागे पडली. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली तिचं पुनरुज्जीवन करायला सांगितलं आणि १९७२ साली प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधी प्रसिद्ध झाला. हा काळ किती असावा, याचा एकच आकडा त्यात नाही. गरज पडली तर काही वर्षंही लागू शकतात.

विद्यापीठातल्या मुलाला हेच सगळ्यात अवघड जातं. त्याचं सगळं आयुष्य सेमिस्टरमध्ये मोजलेलं. इथं गुणपत्रिका नाही, अमुक तारखेला उत्तीर्ण असं नाही. शिवाय ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्तकाळ आणि परीक्षेचा अभ्यास बहुधा एकमेकांवर आदळतात. मला वाटतं, ही ओढाताण टाळू नये. प्रार्थनेला वेळ काढायचा तर दुसरं काय सोडायचं, हे ठरवता ठरवताच श्रद्धा कागदावरून उतरून रोजच्या दिवसात येते.

[दृश्य: बिशपांसमोर नोंदवहीत सही करणारा हात.]

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी, सहसा बिशपांसमोर, निवडविधी होतो आणि दीक्षार्थींची नावं नोंदवहीत येतात. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातल्या तीन कथा वाचल्या जातात: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि मरणातून उठवलेला लाझरस. तहान, आंधळेपण, मरण. दीक्षार्थी पुढे येऊन गुडघे टेकतात आणि सगळी मंडळी त्यांच्यासाठी प्रार्थना करते. वर्गात नेहमी हुशार दिसायची धडपड करणाऱ्या मुलानं सगळ्यांदेखत आपली गरज कबूल करावी, यात फार मोठं धैर्य आहे.

ईस्टरच्या जागरणात बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद एकाच रात्री मिळतात. दृढीकरण देणारे एरवी बिशप असतात. प्रौढाला बाप्तिस्मा देणारे फादर मात्र तिथंच दृढीकरणही देतात. कपाळावर क्रिस्मा लावतात. हे ऑलिव्हचं सुगंधी तेल, बिशपांनी आशीर्वादित केलेलं. दीक्षार्थीच्या खांद्यावर श्रद्धेच्या वाटेवर सोबत करणाऱ्या त्याच्या धर्मपित्याचा किंवा धर्ममातेचा हात असतो. ही व्यक्ती स्वतः दृढीकरण घेतलेली कॅथलिक हवी, साधारणपणे सोळा वर्षं पूर्ण झालेली हवी, आणि आई किंवा वडील नकोत. विद्यापीठात पुष्कळदा वरच्या वर्षाचा मित्रच ही जबाबदारी घेतो.

[दृश्य: फोन हातात घेऊन बाकावर बसलेली विद्यार्थिनी.]

आता घरच्यांचं. प्रौढ मुलाला यासाठी आईवडिलांची परवानगी लागत नाही. आणि कुणालाही जबरदस्तीनं कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला लावू नये, असं ख्रिस्तसभेचा कायदाच सांगतो. पण परवानगी लागत नाही म्हणून सांगायचंच नाही, असं करू नये. आईला ही बातमी दुसऱ्याकडून कळली, तर तिला लागतं ते निर्णयापेक्षा लपवण्याचं. लवकर सांगावं, समोर बसून सांगावं, आणि वाद जिंकायला जाऊ नये. त्यांनी तुम्हाला प्रामाणिकपणा शिकवला असेल, प्रार्थना शिकवली असेल, तर त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत. त्या दिवशी ते गप्प राहिले तरी पुढच्या सुट्टीत घरी जावंच. कुणी फार दुखावलं असेल आणि निर्णय थोडा पुढे ढकलायचा असेल, तर चॅप्लनशी मोकळेपणानं बोलावं. देव वर्षभर थांबू शकतो, याबद्दल मला शंका नाही.

ईस्टरनंतर पेंटेकॉस्ट या सणापर्यंतचा काळ नव्यानं आलेल्यांना मिळालेल्या संस्कारांत रुळवण्यासाठी असतो. विद्यापीठात नेमका हाच काळ वाया जातो. परीक्षा संपतात, खोल्या रिकाम्या होतात, गट पांगतो. मग पदवी मिळते, शहर बदलतं आणि ओळखीचा एकही चेहरा नसलेल्या मोठ्या चर्चमध्ये हा तरुण मागच्या बाकावर एकटा बसतो. म्हणून निघण्यापूर्वीच नव्या ठिकाणचं धर्मग्राम, म्हणजे तिथलं स्थानिक चर्च, शोधून ठेवावं, तिथल्या फादरांना भेटून नाव नोंदवावं, दृढीकरणाचा दाखला जवळ ठेवावा. धर्मपिता झालेल्या मित्रानंही पहिले काही महिने दर रविवारी फोन करून विचारावं, मिस्सेला गेलास का?